८६ (लॉकआउट रिले) उगाच ट्रिप होत असेल तर
अरे भावा, ८६, म्हणजे फॉल्टला ब्रेकर ट्रिप करून रिसेट करेपर्यंत तो परत चालू न होऊ देणारा रिले, उगाच ऑपरेट झाला म्हणून लगेच रिले बदलायला सांगू नकोस, आधी डीसी अर्थ फॉल्ट (बॅटरीच्या डीसी सप्लायची वायर कुठे जमिनीला लागलीय का) बघ. स्विचयार्डातून येणाऱ्या लांब कंट्रोल केबलला कपॅसिटन्स असतो, पॉझिटिव्ह कुठे अर्थ झाला की तो कॉइलमधून डिस्चार्ज होतो आणि कमी बर्डनचा (उचलायला कमी पॉवर लागणारा) हलका रिले तेवढ्यावर उचलतो, म्हणूनच ट्रिपिंगसाठी हाय बर्डनचाच घ्यायचा. २२० व्होल्टच्या जागी ११० चा बसवलाय का तेही बघून घे. आणि ट्रिप कॉइलचा (ब्रेकर उघडणाऱ्या कॉइलचा) करंट ब्रेकरच्या ऑक्झिलरी कॉन्टॅक्टनेच (ब्रेकरबरोबर हलणाऱ्या छोट्या कॉन्टॅक्टने) तुटला पाहिजे, डीसीला झिरो क्रॉसिंग नसतं ना, आर्क लवकर विझत नाही आणि रिलेचा कॉन्टॅक्ट जळतो. फ्लॅग (कोणता रिले ऑपरेट झाला ते दाखवणारी खूण) लिहून घेतल्याशिवाय आणि कारण सापडल्याशिवाय ८६ रिसेट करायचा नाही, कंट्रोल रूममधून कितीही घाई केली तरी.