नाशिकचे ४० अंश आणि सिंगापूरचे ३२ अंश

प्रश्न : मी ६४ वर्षांचा निवृत्त शिक्षक आहे. मे महिन्यात आम्ही उभयता दहा दिवसांसाठी मुलाकडे सिंगापूरला जाणार असून हा आमचा पहिलाच परदेशप्रवास आहे. तेथील कमाल तापमान ३२ अंशांच्या आसपास असते असे वाचले. आम्ही नाशिककर दर उन्हाळ्यात ४० अंश सोसतो, तरीही मुलगा ‘उकाड्याच्या तयारीने या’ असे वारंवार बजावतो. मला रक्तदाबाची गोळी चालू आहे. एवढी काळजी खरोखर आवश्यक आहे का?
— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : आपल्या चिरंजीवांचे म्हणणे बरोबर आहे. तापमापीवरील आकडा हवेची उष्णता सांगतो. शरीराला ती बाहेर टाकता येईल की नाही, हे हवेतील बाष्पावर ठरते. एक लिटर घाम त्वचेवर पूर्णपणे वाळला, तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शरीराबाहेर जाते. तोच घाम नुसता ओघळून गेला, तर जवळजवळ काहीच जात नाही. मे महिन्यातील दुपारी नाशिकची हवा इतकी कोरडी असते, की घाम आला हेही पुष्कळदा कळत नाही. विषुववृत्ताला लागून असलेल्या सिंगापूरमध्ये मात्र हवा बारमाही दमट असते, आणि जी गत तेथे नेलेल्या माठातील पाण्याची होईल, तीच शरीराची होते: ओलावा वाळत नाही, म्हणून गारवा येत नाही. शिवाय, सुमारे ६०० मीटर उंचीवरच्या आपल्या गावात उन्हाळ्यातही रात्री हवा बऱ्यापैकी उतरते, तर तेथे रात्रीचे तापमान २५ अंशांच्या खाली फारसे जात नाही, त्यामुळे दिवसभराचा शीण काढायला शरीराला सवडच मिळत नाही.

एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची आहे. उष्णतेला सरावताना शरीरातील रक्तद्रव वाढतो, घाम लवकर सुटू लागतो आणि त्यातून जाणारे मीठ कमी होते. या बदलांना साधारण एक ते दोन आठवडे लागतात. मे महिन्यात निघणाऱ्या नाशिककराचे हे काम बरेचसे घरीच झालेले असते. दमट हवेचा सराव मात्र तेथेच होणार आणि दहा दिवसांत तो जेमतेम पुरा होईल, म्हणून अंग कणखर करण्याच्या फंदात पडू नये. रात्री वातानुकूलित खोलीत निवांत झोपावे, मुलाच्या वीजबिलाचा संकोच करू नये.

तेथील घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असते. सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि दुपारी एकच्या आसपास माथ्यावर येतो. त्यामुळे पहाटे साडेपाचला फिरायला निघण्याची सवय असल्यास तेथे अंधार भेटेल. सात ते दहा ही वेळ फिरण्यास उत्तम; दुपार संग्रहालयात किंवा दुकानांत घालवावी, मात्र तेथील गारव्यासाठी पातळ शाल जवळ असावी. कपडे सैल व पातळ असावेत आणि घामाने भिजल्यावर लगेच बदलावेत, नाहीतर घामोळे आलेच म्हणून समजा.

वाढत्या वयात तहान उशिरा लागते, त्यामुळे तहानेची वाट न पाहता थोडे थोडे पाणी पीत राहावे. लघवी गडद पिवळी दिसू लागली, तर पाणी कमी पडते आहे असे समजावे. तेथील नळाचे पाणी निर्धास्त प्यावे. मात्र मेट्रो रेल्वेत खाण्यापिण्यास बंदी असून पाणीही त्यात आले, म्हणून गाडीत बसण्यापूर्वीच प्यावे. रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवीवाटे पाणी व क्षार बाहेर काढतात. आपली गोळी त्या प्रकारची आहे का, उष्ण हवेत तिची मात्रा तीच ठेवावी का आणि जलसंजीवनी घेतलेली चालेल का, हे निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे. स्वतःहून ती बंद करू नये, किंवा मीठही वाढवू नये.

चक्कर, मळमळ, डोकेदुखी किंवा पायात गोळे आल्यास सावलीत आडवे व्हावे, पंखा लावावा आणि अंगावर पाणी शिंपडावे. बोलण्यात असंबद्धता आली किंवा शुद्ध हरपू लागली, तर अंगाला घाम असला तरीही तो उष्माघात समजावा आणि अंग भिजवून गार करीत असतानाच ९९५ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. हा क्रमांक पत्नीच्या फोनमध्येही आधीच नोंदवून ठेवावा.