केळवणाची फळं आदल्या रात्री कापून ठेवावीत का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मेच्या शेवटी इंदूरला घरी केळवण, दुपारचं जेवण, वीस पाहुणे, त्यातले निम्मे पुण्याचे. शेवटी फळांचं ताट मांडायचंय, तर फळं आदल्या रात्री कापून फ्रिजमध्ये ठेवली तर चालतील का?

नाही चालणार. कलिंगड पाणी सोडतं, चिकू काळा पडतो, आणि सगळ्याला फ्रिजचा वास लागतो. पण ताट बिघडतं ते बहुधा कापण्यात नाही, खरेदीत.

आंबा, पपई, चिकू ही फळं उतरवल्यावरही पिकतात. रविवारचं केळवण असेल तर ती बुधवार-गुरुवारीच चोइथराम मंडीतून आणा, जरा कडकच, आणि घरी पिकू द्या. पपई अडून बसली तर कागदी पिशवीत तिच्यासोबत एक पिकलेलं केळं ठेवा. केळ्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूने ती लवकर पिकते. कच्चं फळ फ्रिजमध्ये घालू नका, थंडीने पिकणं अडतं. अननस, कलिंगड, लिची यांचं मात्र उलट आहे. अननस घरी ठेवून पिवळा होईल, मऊ होईल, पण झाडावर होता त्याहून गोड होणार नाही. म्हणून तो शनिवारी आणा, आणि बुडाकडून वास घेतल्याशिवाय आणू नका. आंब्यालाही नाकच लावा. कार्बाइडने फळं पिकवायला कायद्याने बंदी आहे, तरी वरून पिवळाधमक आणि वासाला शून्य असा आंबा दिसला की मी पुढच्या ठेल्यावर जातो.

जेवणानंतर माणशी दीडशे ग्रॅम पुरतं, म्हणजे वीस जणांना तीन किलो कापलेली फळं. साल, कोय, अननसाचा कडक गाभा जाऊन एवढं उरायला पाच किलो आणावी लागतील. चारच प्रकार घ्या: आंबा, पपई, अननस, कलिंगड. सफरचंद हे ताट भरायचं निमित्त आहे, ते नकोच. ड्रॅगनफ्रूट रंगापुरतं एखादं. फोडींना बादाम आंबा चांगला, गर घट्ट असतो आणि रेषा नसतात. पुणेकर ‘हापूस नाही का?’ विचारतीलच, तेव्हा फोड पुढे करायची. कट्ठीवाड्याचा नूरजहाँ, एकेक दोन-अडीच किलोचा, मिरवायला छान, पण तो पिकतो जूनमध्ये, आणि झाडं मोजकीच.

आता रविवार. सगळी फळं कापायच्या आधी धुवायची, पपई-कलिंगडसुद्धा, कारण सालीवरची घाण सुरीबरोबर आत जाते. आंबे तासभर पाण्यात ठेवा आणि देठाकडचा चीक वाहू द्या. ओठ-घसा चुरचुरतो तो याच चिकाने. कांद्याची सुरी आणि पाट फळांना लावू नका, हे तुम्हाला सांगायला नकोच. अननस सकाळीच कापला तरी चालतो. डोळे तिरक्या रांगेत असतात, त्या रांगेने तिरक्या खाचा मारल्या की गर कमी वाया जातो. फोडी दहा मिनिटं मिठाच्या पाण्यात ठेवल्या की जीभ कमी झोंबते. नंतर निथळून झाकणाच्या डब्यात, फ्रिजमध्ये. पाहुणे पानावर बसले की पपई, ती वाढेपर्यंत टिकते. कलिंगड कापून चाळणीत निथळत ठेवा, नाहीतर ताटात तळं होतं. आंबा सगळ्यात शेवटी, ताक वाढल्यावर.

आपल्याकडे मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा कापलेली फळं तासाभरापेक्षा जास्त बाहेर नकोत. एक भलं मोठं ताट सजवण्याऐवजी दोन मध्यम करा: एक बाहेर, एक फ्रिजमध्ये. फोटो थोडा कमी देखणा येईल, येऊ दे.

जीरावन, म्हणजे आपला पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला, हवंच, पण वाटीत वेगळं. आधीच भुरभुरलं तर त्यातल्या मिठाने फोडी पाणी सोडतात. पुण्याची मंडळी ते चाट मसाला समजून चमचाभर घेतील, तेवढं आधी सांगा. आणि बेत श्रीखंडाचा असेल तर ताजा अननस त्यात ढवळू नका. त्यातलं ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम दुधाची प्रथिनं तोडतं आणि थोड्या वेळात श्रीखंड कडवट लागतं. घालायचाच असेल तर आधी साखरेत शिजवून, गार करून घाला.