मादाम म्वातेसिएच्या आरशात काय दिसतं?

तुम्ही विचारलंय की एकोणिसाव्या शतकातला फ्रेंच चित्रकार आंग्र याच्या ‘मादाम म्वातेसिए’ या व्यक्तिचित्रात मागच्या आरशातलं प्रतिबिंब खोटं का वाटतं, आणि त्यात तिच्या स्वभावाचं काही गुपित दडलंय का.

खोटं वाटतं, कारण ते खोटंच आहे. ती आपल्याकडे तोंड करून बसली आहे आणि आरसा तिच्या पाठीशी, भिंतीवर. अशा आरशात तिच्या डोक्याची मागची बाजू दिसायला हवी, तीही बरीचशी तिच्याच आड गेलेली. आंग्रने दाखवलाय तो चेहरा एका बाजूने, नाकाच्या रेषेसकट. मी आरशाला पाठ करून बसलो आणि समोरून फोटो काढून घेतला. फोटोत केस आले, नाक काही आलं नाही.

ही चूक नजरेतून सुटली असेल असं मला वाटत नाही. १८४४ साली हाती घेतलेलं चित्र त्याने १८५६ मध्ये पूर्ण केलं आणि सहीशेजारी स्वतःचं वय लिहिलं, ७६. मधल्या काळात त्याची बायको वारली, हे काम अडलं, आणि याच बाईचं काळ्या पोशाखातलं उभं चित्र त्याने १८५१ मध्ये आधी संपवलं (ते वॉशिंग्टनला आहे, आपण बोलतोय ते लंडनच्या नॅशनल गॅलरीत). बसायला लागली तेव्हा ती तेविशीत होती, चित्र संपलं तेव्हा पस्तिशीत. चेहऱ्यावरून यातलं कुठलं वय सांगता येतं? मला तरी येत नाही.

आता तिचा उजवा हात बघा. कानशिलाला टेकवलेलं ते बोट इटलीत ज्वालामुखीखाली गाडल्या गेलेल्या हर्क्युलेनियम शहरातल्या एका रोमन भित्तिचित्रातून आलंय. तिथे हर्क्युलिसला त्याचा मुलगा टेलिफस सापडतो आणि बाजूला एक देवी अशीच बसलेली आहे. हा हात ओळखला की आरसाही उलगडतो. पुढे फुलाफुलांचा रेशमी झगा, जड कंकणं, पॅरिसच्या श्रीमंत घरातली बाई. मागे धूसर काचेत जुन्या नाण्यावर असावी तशी मुद्रा. आंग्रला एकाच बाईत पॅरिसची बाई आणि प्राचीन देवी, दोन्ही हवं होतं, आणि त्यासाठी त्याने आरशाचा नियम मोडला, असा मी त्याचा अर्थ लावतो. पिकासोने १९३२ मध्ये हीच बैठक घेऊन पुस्तक हाती धरलेली बाई रंगवली, तेव्हा आरशातला बाजूचा चेहरा त्यानेही सोडला नाही.

स्वभावाचं म्हणाल, तर त्या चेहऱ्यावरून ती गर्विष्ठ की दुःखी हे ठरवू नका. इतकी वर्षं घासूनपुसून गुळगुळीत केलेल्या चेहऱ्यावर त्या बाईचा एखादा दिवसही उरलेला नाही. त्यापेक्षा चित्राची मोठी प्रत समोर घ्या आणि आरसा तळहाताने झाका. उच्चभ्रू वर्तुळातली एक थाटाची बाई उरेल. मग हात काढा.