निळ्या खुणा आणि ब्लॅक बुक

प्रश्न : अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात आम्ही चौघे आहोत. व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘ब्लॅक बुक (म्हणजे प्रकल्पाचा अहवाल) कोण लिहितंय?’ असे विचारले, की खुणा निळ्या होतात, उत्तर येत नाही. परवा रात्री मी रागाने लिहिले आणि एक जण ग्रुप सोडून गेला.

उत्तर : ग्रुपमध्ये सर्वांनी संदेश उघडल्यावरच खुणा निळ्या होतात, म्हणून तुमचा राग समजतो, पण चौघांना विचारलेला प्रश्न प्रत्येकाला दुसऱ्यासाठीच वाटतो. गेलेल्या मित्राला कॅन्टीनमध्ये भेटा, दिलगिरी मात्र ग्रुपवरच लिहा, कारण अपमान तिथे झाला. प्रकरणे नावानिशी वाटून गुगल डॉक्सवर लिहा. मार्गदर्शकांकडे जावेच लागले, तर स्क्रीनशॉटपेक्षा कुणी काय लिहिले हे दाखवणारा तिथला आवृत्ती-इतिहास न्यावा.