'वाघ दाखवा' म्हणण्याआधी: सफारीविषयी इंदूरच्या वाचकांचे प्रश्न

डिसेंबरात आम्ही सहा जण पेंचला जातोय. 'वाघ दाखवलात तर हजार रुपये वेगळे' असं चालकाला आधीच सांगितलं तर चालेल का? (राजेंद्रनगर)

कृपा करून सांगू नका. सफारीत जे बिघडतं, त्याची सुरुवात बहुतेक वेळा याच वाक्यापासून होते. वाघ जवळ असल्याचा चितळाचा इशारा ऐकून एक जिप्सी (सफारीची उघडी गाडी) थांबते. तिला पाहून धुरळा उडवत आणखी पाच येतात. वाघिणीला रस्ता ओलांडायचा असतो, पिल्लं पलीकडच्या गवतात असतात. सगळ्यांना फोटो समोरून हवा, म्हणून एक गाडी तिच्या पुढे जाते, दुसरी मागे, आणि तिची वाट बंद होते. कान मागे चपटे झाले, शेपटीचं टोक झटके देऊ लागलं, ती चालता चालता थबकून गाडीकडेच बघू लागली, तर ती वैतागली आहे. गाडी मागे घ्यायला लगेच सांगा.

31 डिसेंबर 2024 रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एका वाघिणीला आणि तिच्या बछड्यांना गाड्यांनी असंच अडवलं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, चालक आणि गाईड निलंबित झाले. कारवाई त्यांच्यावर होते, पण 'अजून थोडं पुढे घ्या' हा हट्ट मागच्या सीटवरून येतो.

राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाचे आकडे लक्षात ठेवा: प्राण्यापासून किमान 20 मीटर, दोन गाड्यांमध्ये 50 मीटर, वाघापाशी जास्तीत जास्त 15 मिनिटं. 20 मीटर म्हणजे पाच जिप्स्या एकामागे एक लावल्या तर होईल तेवढं अंतर. गेटवरच म्हणा, "भैया, बाघ की जल्दी नहीं है, जंगल दिखाइए." चालकाच्या डोक्यावरचं ओझं तिथेच उतरतं. बक्षीस सफारी संपल्यावर, गाईडला आणि चालकाला वेगवेगळं द्या, आणि वाघ दिसो न दिसो, तेवढंच द्या.

सोबत सत्तरीची आई आणि सहा वर्षांचा मुलगा आहे. कुठलं जंगल सोयीचं? (लोकमान्यनगर)

सातपुडा व्याघ्र प्रकल्प, मढईच्या बाजूने. नर्मदा एक्सप्रेसने पिपरियाला उतरता येतं. मढईला देनवा नदी बोटीने ओलांडून जंगलात शिरायचं, मुलाला तेवढंच पुष्कळ. वाघ कान्हा-बांधवगडपेक्षा कमी दिसतो. अस्वल, गवा, शेकरू यांच्यासाठी जा.

आईंना चालकामागच्या पहिल्या ओळीत बसवा, शेवटच्या ओळीला धक्के फार बसतात. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे उघड्या जिप्सीत वारा अंगात शिरतो. कानटोपी, हातमोजे आणि मांडीवर घ्यायला घोंगडी हवीच. परवान्यावरचं नाव आणि मूळ ओळखपत्र जुळलं पाहिजे, झेरॉक्स गेटवर चालत नाही. बुधवारी दुपारी कोअर, म्हणजे जंगलाचा आतला संरक्षित भाग, बंद असतो. बुधवारी पोहोचणारे दर वर्षी इथे फसतात. नोव्हेंबर 2025च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर कोअरच्या पर्यटन भागात मोबाईल वापरता येत नाही, फोटोंसाठी कॅमेरा न्या.

रिसॉर्ट 'इको' आहे की नुसतं नावाला, हे कसं ओळखायचं? (सुदामानगर)

बुकिंगआधी फोन करून चार गोष्टी विचारा. कामावरची किती माणसं आसपासच्या गावांतली आहेत, आणि ती फक्त झाडलोटीला आहेत की स्वागतकक्षात, स्वयंपाकघरातही? ओला-सुका कचरा कुठे जातो? पाणी बोअरचं असेल तर उन्हाळ्यात गावाच्या विहिरी आटतात का? रात्री डीजे, प्रखर दिवे असतात का? उत्तरं गुळमुळीत आली तर दुसरं ठिकाण बघा. पोहोचल्यावर कुंपणही पाहा. जंगलाकडच्या बाजूला सलग उंच भिंत असेल तर जनावरांची जुनी वाट तिने तोडलेली असू शकते. गावातला होमस्टे मिळाला तर आम्ही तोच घेऊ: पैसा थेट घरात जातो, आणि जेवणात कोदो या भरडधान्याचा भात मिळण्याची शक्यताही असते.

जंगलालगतच्या गावांतल्या मुलांना टॉफी, वह्या, जुने कपडे वाटावे असं मनात आहे. (पलसीकर कॉलनी)

भावना चांगली आहे, पण रस्त्यावर वाटू नका. एका गाडीने टॉफी दिली की मुलं प्रत्येक गाडीमागे धावतात आणि शाळेची वेळ रस्त्यावर जाते. वह्या द्यायच्याच असतील तर शिक्षकांना विचारून शाळेत द्या. त्याहून चांगलं म्हणजे तिथे काही विकत घ्या. पेंचच्या तुरिया गेटजवळ पचधार हे कुंभारांचं गाव आहे. तिथला माठ थेट कुंभाराच्या अंगणातून घ्या, घासाघीस करू नका.

सफारीत खायला काय न्यावं? (राजेंद्रनगर)

स्टीलच्या डब्यात पोहे किंवा पराठे. शेवेची प्लास्टिकची पिशवी घरीच ठेवा. डबा फक्त ठरवून दिलेल्या थांब्यावरच उघडा. संत्र्याची सालंही परत आणा. माकडांना आयतं खायची सवय लागली की ती गाड्यांवर झेप घेतात, आणि अन्नाच्या वासाची पिशवी चितळं गिळतात, ती पोटात अडकते. इंदूरच्या घरात आपण कचरा वेगळा करतोच. एक कापडी पिशवी त्यासाठी सीटला बांधून ठेवा.