डिप्रेशनची गोळी चालू असताना दाताचं इम्प्लांट करता येतं का? आधी गोळी बंद करावी लागते का?

तुम्ही लिहिलंय की सर्ट्रालिन ५० मिलिग्रॅम रोज चालू आहे, खालची दाढ काढून झाली आहे, आणि कुणीतरी महिनाभर आधी गोळी थांबवायला सांगितलंय. स्वतःहून थांबवू नका. इम्प्लांट करता येतं, पण दातांच्या डॉक्टरांना गोळीचं नाव आणि डोस सांगायलाच हवा. लपवण्यासारखं त्यात काही नाही.

महिनाभर बंद ठेवून साधतही काही नाही. खालच्या जबड्यात हाडाने इम्प्लांटच्या स्क्रूला (हाडात बसवतात तो कृत्रिम मूळ) घट्ट धरायला साधारण ३ महिने लागतात, वरच्या जबड्यात ४ ते ६. म्हणजे गोळीचा हाडावर जो काही परिणाम असेल तो स्क्रू बसल्यानंतरच्या काळात महत्त्वाचा, आधीच्या महिन्यात नाही. उलट एकदम बंद केल्यावर चक्कर, झोप उडणं, डोक्यात करंट गेल्यासारखं वाटणं आणि आजार उलटणं, हे सगळं ऐन ऑपरेशनच्या दिवसांत अंगावर येतं.

भीती कुठून आली तेही सांगतो. तुमची गोळी सेरोटोनिन या शरीरातल्या संदेशवाहक रसायनावर काम करते, आणि हाड बांधणाऱ्या पेशींवरही सेरोटोनिनचे रिसेप्टर (ते रसायन पकडणाऱ्या जागा) असतात. २०१४ मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांनी ९१६ इम्प्लांटच्या नोंदी तपासल्या. सर्ट्रालिनच्या गटातल्या (एसएसआरआय) गोळ्या घेणाऱ्यांची ९४ इम्प्लांट होती, त्यातली १० गेली, म्हणजे १०.६ टक्के. बाकीच्यांत हे प्रमाण ४.६ टक्के होतं. धोका दुपटीहून जास्त दिसतो, पण ९४ हा आकडा लहान आहे आणि त्यातलीही जवळजवळ ९० टक्के टिकली. माझ्या मते याचा अर्थ एवढाच, की घाई करू नये. ‘३ दिवसांत पक्के दात’च्या जाहिरातीला भुलू नका; स्क्रू बसवून हाड धरेपर्यंत थांबा, मगच वर कॅप. तंबाखू, सिगारेट आणि वाढलेली साखर हे इम्प्लांटचे मोठे शत्रू आहेत. ते तुमच्या हातात आहेत, आधी ते आवरा.

आता खरी काळजी घ्यायची जागा: वेदनाशामक गोळी. रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट सेरोटोनिन स्वतः बनवत नाहीत, रक्तातून आत ओढून घेतात, आणि तुमची गोळी नेमकं तेच ओढणं अडवते. त्यात आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅक किंवा केटोरोलॅक पडलं की जखमेतून आणि पोटातही रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. अॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल (रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या) चालू असेल तर आणखीच. दात काढल्यावर मिळणाऱ्या स्ट्रिपवर बहुतेकदा ‘एसिक्लोफेनॅक + पॅरासिटामॉल’ छापलेलं असतं. मागची बारीक अक्षरं वाचा आणि नुसतं पॅरासिटामॉल मागा. ट्रॅमाडॉल असलेली जोडगोळीही टाळा. सर्ट्रालिनसोबत सेरोटोनिन प्रमाणाबाहेर वाढू शकतं: थरथर, घाम, धडधड, गोंधळल्यासारखं होणं. असं झालं तर सरळ इमर्जन्सीत जा.

हे वाचणाऱ्या कुणाची गोळी अमिट्रिप्टिलिन किंवा व्हेनलाफॅक्सिन असेल, तर भुलीच्या इंजेक्शनात मिसळलेल्या अॅड्रेनलिनचं प्रमाण कमी ठेवावं लागतं. १:८०,००० (अॅड्रेनलिनची तीव्रता) च्या इंजेक्शनची दोन काडतुसं (भुलीच्या औषधाच्या छोट्या नळ्या) ही साधारण मर्यादा. लिथियम (मनःस्थितीच्या आजारावरचं औषध) चालू असेल तर वर सांगितलेली आयब्युप्रोफेन-डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामकं रक्तातलं लिथियम वाढवतात, म्हणून मानसोपचारतज्ज्ञांना फोन आधी.

झोपेत दात खाण्याची सवय सर्ट्रालिनने लागू किंवा वाढू शकते. सकाळी जबडा आखडलेला, कानशिलं दुखतायत, असं असेल तर सांगा. नैसर्गिक दाताखाली असते तशी उशी इम्प्लांटखाली नसते, सगळा दाब थेट हाडावर जातो. अशांना कॅप बसल्यावर रात्री नाइट गार्ड (झोपताना दातांवर घालायचं संरक्षक कव्हर) हवाच. तोंड कोरडं पडत असेल तर पाणी घोट घोट प्या आणि गोड च्युइंगम नको.

ऑपरेशननंतर गॉझ अर्धा तास घट्ट चावून ठेवा, मधेमधे काढून बघू नका. थुंकी दिवसभर गुलाबी दिसली तर घाबरू नका. तोंडात रक्त साचत राहिलं तर लगेच दाखवा.

आणि काही आठवड्यांनी काहीतरी हलल्यासारखं वाटलं, तर बोटाने चाळवू नका. बऱ्याचदा हिरडीवरची छोटी टोपी सैल झालेली असते, ती दोन मिनिटांत आवळता येते. पण खालचा स्क्रूच हलत असेल, तर न दुखताही तो गेलेला असू शकतो. तो काढून, हाड भरू देऊन काही महिन्यांनी पुन्हा बसवता येतो.