कायद्याने परवानगी असेल तर स्कूबा करताना भाल्याने मासे मारणं योग्य आहे का?

परवानगी आहे म्हणून योग्य होत नाही भाऊ, पण सरसकट पापही नाही. आम्ही जळगावकर, समुद्र सुट्टीपुरताच. तरी फरक कळतो. तापीत बुडी मारणाऱ्याला श्वासासाठी वर यावंच लागतं, तेवढ्यात मासा निसटतो. स्कूबात पाठीवर हवेची टाकी असली की मासा कपारीत शिरला तरी तुम्ही निवांत वाट बघता. फ्रान्स, इटलीत टाकी लावून शिकारीला बंदी आहे, फ्लोरिडात चालतं. बरेच हेकरू (ग्रूपर) मासे आधी मादी असतात, मोठे झाल्यावर नर होतात. म्हणजे सगळ्यात मोठा टिपायच्या हौसेत नरच संपतात. फोटोपुरतं मारणं तर मला अजिबात पटत नाही. अटलांटिकमधला लायनफिश मात्र खुशाल मारा: तो तिथला नाहीच, तिथल्या लहान माशांचा फडशा पाडतो. खायलाही चांगला. काटे विषारी असतात, तेवढे सांभाळा.